वाचक विचारतात : नुकसान किती, भरपाई कसली?

पावसाळा सरत आला की या सदराच्या पत्रांत ‘नुकसान’ हा शब्द हमखास वाढतो. या वेळची पत्रं दोन तऱ्हेची आहेत. काहींना शब्दाचं व्याकरण हवं आहे, तर काहींना अर्जात नेमका कोणता शब्द घालावा ते. दोन्ही एकत्रच घेतली आहेत. अर्जातला शब्द सैल पडला की मिळायचे पैसे कमी होतात, नाहीतर कागद भलत्याच खात्यात पडून राहतो.

प्रश्न : घरी आम्ही ‘लुकसाण’ म्हणतो, शाळेत बाई ‘नुकसान’ असं दुरुस्त करतात. ‘लुकसाण’ अशुद्ध आहे का? आणि ‘नुकसानाचा पंचनामा’ बरोबर की ‘नुकसानीचा’? (काणकोण)

‘लुकसाण’ हे कोकणीतलं रूढ आणि पूर्णपणे शुद्ध रूप आहे. मराठी लिहिताना ‘नुकसान’ लिहावं, एवढाच बाईंच्या दुरुस्तीचा अर्थ. न आणि ल यांची अदलाबदल आपल्या भाषांना नवी नाही. संस्कृत निंबाचं आपण लिंब केलं आणि लांगलाचा नांगर केला. खेड्यापाड्यातल्या मराठीतही ‘लुकसान’ ऐकू येतं.

मूळ शब्द अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला. अर्थ : कमी होणं, उणं पडणं. हिंदीत ‘नुक्स निकालना’ म्हणतात, तो नुक्सही याच धातूचा. म्हणजे आधी काहीतरी भरलेलं होतं आणि त्यातून उणं झालं, असा अर्थ या शब्दाच्या पोटातच आहे. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. आधी किती होतं ते सांगितल्याशिवाय नुकसान किती झालं हे सांगता येत नाही, आणि निम्मे अर्ज नेमके इथेच लंगडे पडतात.

आता लिंग. नुकसान नपुंसकलिंगी : नुकसान झालं, मोठं नुकसान, नुकसानाचा अंदाज. नुकसानी हा त्यापासून झालेला वेगळा स्त्रीलिंगी शब्द : नुकसानी झाली, नुकसानीचा अंदाज. त्यामुळे ‘नुकसानाचा पंचनामा’ आणि ‘नुकसानीचा पंचनामा’ दोन्ही बरोबर. चूक होते ती मिसळीत : ‘मोठं नुकसानी’ किंवा ‘नुकसान झाली’. नुकसानभरपाई हा समास असल्यामुळे शब्द जोडून लिहावा, आणि त्याचं लिंग शेवटच्या पदावरून ठरतं. म्हणून नुकसानभरपाई ‘मिळाली’, ‘मिळालं’ नव्हे.

कायद्याच्या मराठीत या दोन रूपांत आणखी एक फरक केला जातो. इंग्रजीत ‘डॅमेज’ म्हणजे झालेली मोडतोड, आणि त्याचं अनेकवचन वाटणारा ‘डॅमेजेस’ म्हणजे त्याबद्दल न्यायालय देववतं ती रक्कम. पहिल्यासाठी मराठीत नुकसान, दुसऱ्यासाठी नुकसानी. ‘दोन लाखांची नुकसानी मागितली’ असं निकालपत्राच्या भाषांतरात वाचलंत तर मागणी पैशांची आहे असं समजा.

प्रश्न : गव्यांनी रात्रीत बागायत तुडवली. अर्जात ‘प्रचंड नुकसान’ लिहिलं, पण कागद ‘तपशील द्या’ म्हणून परत आला. नुकसानाला दुसरे शब्द कोणते आणि कुठे कोणता वापरावा? (सत्तरी)

‘प्रचंड’ हा शब्द अर्जातून काढून टाका. तो मोजता येत नाही.

नुकसान हा छत्रीसारखा शब्द आहे, त्याखाली सगळं मावतं. विषयाच्या ओळीत तो ठेवा, मजकुरात नेमका शब्द आणा. जनावराने किंवा माणसाने तुडवून, ओरबाडून, उपटून केलेली ती नासधूस. पाणी, कीड, कुजणं यांनी वस्तू निकामी झाली तर नासाडी. घर, गोठा, भिंत कोसळली तर पडझड. कुंपण, पंप, नळ, पन्हळ मोडली तर मोडतोड. वजन किंवा उतारा (पिकाचं उत्पादन) कमी झाला तर घट. काजूच्या बिया वाळल्या की वजन उतरतं, तीही घटच, तिला कुणी नुकसान म्हणत नाही. माणसाच्या अंगाला लागलं तर इजा किंवा दुखापत. फवारणीने प्रकृतीवर परिणाम झाला तर अपाय. मृत्यू झाला तर जीवितहानी.

‘तोटा’ मात्र शेताच्या अर्जात घालू नका. तोटा हा नफ्याचा जोडीदार, तो वहीतल्या जमाखर्चातून निघतो. तोटा लिहिला की खरेदीविक्रीचा हिशेब मागितला जाण्याची वाट तुम्हीच मोकळी करता. पिकाचा हिशेब झाडांच्या संख्येवर आणि क्षेत्रावर होतो. (‘माणसांना काय तोटा!’ यातला तोटा निराळा, तिथे अर्थ टंचाई.)

शब्द नेमका झाला की वाक्य कसं बदलतं ते पाहा. परत आलेल्या अर्जात असं होतं : ‘गव्यांनी माझ्या बागायतीचे प्रचंड नुकसान केले आहे, तरी योग्य ती भरपाई मिळावी.’ त्याऐवजी असं लिहा : ‘अमुक तारखेच्या रात्री गव्यांच्या कळपाने सर्व्हे क्रमांक अमुक, उपविभाग अमुक यातील ७५० चौरस मीटर क्षेत्रात नासधूस केली. या क्षेत्रात केळीची १४० झाडे होती. त्यांपैकी घड धरलेली ६० मोडली, २५ लहान रोपे उपटली, ५५ शाबूत आहेत. तारेच्या कुंपणाची ३५ मीटर लांबीत मोडतोड झाली आणि सिमेंटचे ६ खांब पडले.’ आधी १४० होती, आता ५५ राहिली, म्हणजे उणे ८५. शब्दाच्या मूळ अर्थाचाच हा हिशेब.

क्षेत्र लिहिताना एक-चौदाच्या (गोव्यातल्या जमीन-नोंदीच्या) उताऱ्याशी ताडून घ्या. उताऱ्यावर हेक्टर, आर, चौरस मीटर असे रकाने असतात : १ हेक्टर म्हणजे १०० आर, १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. ७५० चौरस मीटर म्हणजे साडेसात आर. इथे दशांशचिन्ह एक घर सरकलं की क्षेत्र दहापट वाढतं किंवा दहावा हिस्सा उरतं, आणि मग सगळाच अर्ज संशयास्पद ठरतो. उताऱ्यावर भाटकाराचं (जमीनमालकाचं) नाव आणि कसणारे तुम्ही असाल, तर कूळ म्हणून नोंद आहे का ते आधी पाहा. पंचनामा होईपर्यंत पडलेली झाडं उचलू नका. फोटो घ्यायचे ते दोन अंतरांवरून : एक लांबून, ओळखीचा बांध किंवा विहीर दिसेल असा, दुसरा जवळून, खुराचा ठसा आणि मोडलेला बुंधा एकत्र येतील असा. ठशाशेजारी मोजपट्टी ठेवा. जवळचा फोटो नसला की ‘वाऱ्याने पडलं असेल’ हा शेरा मारणं सोपं जातं.

प्रश्न : बांध फुटून खारं पाणी खाजन (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या) शेतीत शिरलं, भात गेलं. सरकारकडून मिळाली ती रक्कम खर्चाच्या पासंगालाही पुरत नाही. याला भरपाई म्हणायचं का? (तिसवाडी)

म्हणू नये, आणि सरकारी कागदही बहुधा तसं म्हणत नाही. नीट वाचा, ‘मदत’, ‘साहाय्य’ किंवा ‘अनुदान’ असाच शब्द दिसेल. भरपाई म्हणजे जेवढं उणं झालं तेवढं भरून देणं. ती कुणाच्या तरी चुकीमुळे, करारामुळे किंवा कायद्यामुळे देणं लागते, आणि मागणारा ती हक्काने मागतो. मदत ठरीव दराने मिळते, तुमचं किती गेलं यावर तिचा दर ठरत नाही.

आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२-२३ ते २०२५-२६ या वर्षांसाठीचे केंद्राचे निकष पाहा. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर पावसावरच्या शेतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीखालच्या म्हणजे ओलिताच्या शेतीला १७,००० आणि बारमाही पिकांना २२,५००, तेही २ हेक्टरपर्यंत. तुमचं शेत ६० आर असेल तर ८,५०० गुणिले ०.६, म्हणजे ५,१०० रुपये होतात. हा दर पुढच्या पेरणीच्या बी-खताला हातभार म्हणून ठरवलेला आहे. बुडालेल्या भाताची किंमत त्यात धरलेलीच नाही. रक्कम तोकडी वाटते त्याचं कारण हे. ‘सानुग्रह अनुदान’ हा शब्द याच घरातला, म्हणजे देणाऱ्याने कृपेने दिलेलं. पीक विमा उतरवला असेल तर तो वेगळा दरवाजा. पंतप्रधान पीक विमा योजनेत पूर भरण्यासारख्या स्थानिक आपत्तीची खबर ७२ तासांच्या आत द्यावी लागते, पंचनाम्याची वाट पाहत बसलात तर मुदत निघून जाते.

खाजनाच्या बाबतीत पंचनाम्यात एक गोष्ट आग्रहाने लिहून घ्या, कारण ती नेहमी सुटते. खाऱ्या पाण्याने दोन गोष्टी होतात. उभ्या पिकाची नासाडी होते, ती डोळ्यांना दिसते. शिवाय जमिनीत मीठ राहतं आणि पुढच्या हंगामात पिकाच्या उताऱ्यात घट येते. मीठ सोसणारं कोरगूट भात लावलं तरी ही घट चुकत नाही. पाणी किती दिवस साचलं, किती उंचीपर्यंत चढलं, मानशीची (बांधातल्या पाणी अडवणाऱ्या झडपेची) दारं त्या वेळी उघडी होती की बंद, हे तीन तपशील कागदावर नसतील तर दुसऱ्या नुकसानाचा मागमूस राहत नाही.

आणि मासे पकडण्यासाठी कुणी मुद्दाम मानस उघडी ठेवली किंवा बांध कापला असेल, तर प्रकरण मदतीचं राहत नाही. कायद्याच्या मराठीत याला ‘आगळीक’ म्हणतात. रोजच्या बोलण्यात आगळीक म्हणजे जरासा आगाऊपणा, कायद्यात मात्र दुसऱ्याच्या मालमत्तेचं जाणूनबुजून केलेलं नुकसान. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्ये शिक्षा नुकसानाच्या आकड्यावर चढत जाते : २० हजार ते १ लाखापर्यंतच्या नुकसानाला २ वर्षांपर्यंत, १ लाख किंवा अधिक असेल तर ५ वर्षांपर्यंत कैद. म्हणून पोलिसांकडच्या तक्रारीतही रक्कम घालाच.

प्रश्न : रस्त्यासाठी जमीन गेली. नोटिशीत ‘मोबदला’, शेजारच्याच्या कागदावर ‘नुकसानभरपाई’, वकील ‘दिलासा रक्कम’ म्हणतात. हे तिन्ही एकच का? (पेडणे)

एकच नाहीत, आणि तुमच्या बाबतीत हा फरक पैशांचा आहे.

मोबदला म्हणजे एका वस्तूच्या बदली दुसरी. शब्द अरबी, ‘बदल’ आणि ‘अदलाबदल’ यांचा सख्खा भाऊ. तुम्ही जमीन दिलीत, तिची किंमत हा मोबदला. नुकसानभरपाई ही जमीन जाताना सोबत जे बिघडतं त्याची : उभं पीक गेलं, शेताचे दोन तुकडे पडले, उरलेल्या तुकड्याला वाट राहिली नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २८ मध्ये या बाबी मोजून दिल्या आहेत. आणि दिलासा रक्कम ही तुमच्या इच्छेविरुद्ध जमीन घेतली म्हणून. हिंदी अधिनियमात तिला ‘तोषण’ म्हटलंय, कलम ३० प्रमाणे ती शंभर टक्के असते. मराठवाड्यातून आलेली मंडळी या सगळ्याला मिळून ‘मावेजा’ म्हणतात, तोही शब्द बरोबर, आपल्याकडे तेवढा चालत नाही.

आकड्यांत पाहू. जमिनीचा बाजारभाव १० लाख धरा. ग्रामीण भागासाठी १ ते २ यांमधला गुणक सरकार ठरवतं, उदाहरणापुरता १.५ घेऊ : १५ लाख. झाडं आणि विहीर यांचे २ लाख, बेरीज १७ लाख. दिलासा रक्कम तेवढीच, १७ लाख. एकूण ३४ लाख. शिवाय सामाजिक परिणाम अभ्यासाची अधिसूचना निघाल्यापासून निवाड्यापर्यंत, किंवा ताबा आधी गेला तर ताब्यापर्यंत, बाजारभावावर सालाना १२ टक्के. एक वर्ष गेलं असेल तर १ लाख २० हजार. सगळे मिळून ३५ लाख २० हजार. तुमच्या निवाड्यात हे टप्पे वेगवेगळे दाखवले आहेत का ते आधी बघा. झाडांची किंमत विसरली गेली तर दिलासा रकमेतूनही तेवढीच गळते, म्हणजे फटका दुप्पट बसतो.

आता खरी मेख. भरपाई या शब्दाचा जुना अर्थ ‘पुरे पैसे पोचल्याची पावती’ असा होता. भरणं आणि पावणं मिळून तो झाला. ‘भरून पावलो’ हे शब्द आज आपण मन तृप्त झालं की म्हणतो, पण जुन्या दस्तांत ते खातं बंद केल्याची कबुली म्हणून येत. रक्कम उचलताना पुढे आलेल्या कागदावर ‘संपूर्ण मोबदला मिळाला, तक्रार नाही’ अशा अर्थाचं काही असेल तर ते ‘भरून पावलो’च आहे. रक्कम कमी वाटत असेल तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा : ‘निषेधासह स्वीकारली, वाढीव रकमेचा हक्क राखून.’ कलम ७७ प्रमाणे निषेध न नोंदवता पैसे घेतलेल्याला कलम ६४ खाली वाढीव मागता येत नाही. निवाड्याच्या वेळी तुम्ही हजर असाल तर त्या अर्जाला निवाड्यापासून सहाच आठवडे मिळतात. राष्ट्रीय महामार्गाचं संपादन १९५६ च्या वेगळ्या कायद्याखाली होतं आणि तिथे वाद लवादाकडे जातो, म्हणून नोटिशीच्या डोक्यावर कोणता कायदा छापलाय ते पहिल्यांदा वाचा. पेडण्यात हे दोन्ही प्रकार सापडतील.

प्रश्न : घरदुरुस्तीच्या करारात ‘उशीर झाल्यास दररोज १,००० रुपये दंड’ लिहिलं होतं. काम ९० दिवस लांबलं. कंत्राटदार म्हणतो, दंड फक्त सरकार करू शकतं. खरं का? (म्हापसा)

शब्दापुरतं त्याचं म्हणणं खरं. दंड शिक्षेचा असतो आणि तो सरकारजमा होतो. दोन खाजगी माणसांत देणं असतं ते भरपाईचं. पण म्हणून तुमचं कलम रद्द होत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात रक्कम लिहिली असेल, तिला दंड म्हटलं असलं तरीही, त्या रकमेच्या मर्यादेत ‘वाजवी भरपाई’ मिळते. म्हणजे ९० हजार ही तुमची कमाल मर्यादा झाली, ती सगळी मिळेलच असं नाही. या ९० दिवसांत दुसरीकडे भाडं भरलं असेल तर त्या पावत्या जोडा, वाजवी किती हे त्यांवरून ठरतं. कलम ७३ प्रमाणे दूरचा, आडवळणाचा तोटा मिळत नाही, आणि नुकसान आवरण्यासाठी तुम्ही हातपाय हलवले का हेही पाहिलं जातं. दिवाणी दाव्याला करारभंगापासून ३ वर्षं, ग्राहक आयोगाकडे तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं.

तक्रारीत ‘योग्य ती भरपाई’ असा मोघम शब्द नको. आगाऊ दिलेल्यापैकी परत हवे असलेले पैसे हा परतावा, अपुरं काम दुसऱ्याकडून करून घेतल्याचा खर्च ही नुकसानभरपाई, मनस्तापाची रक्कम तिसरी, तक्रारीचा खर्च चौथी. चारही आकडे वेगळे मांडा. एकत्र मागितलेली रक्कम एकत्रच कापली जाते.

प्रश्न : ‘मानहानी’ आणि ‘अब्रूनुकसानी’ यांत फरक काय? (पणजी)

अर्थात काही नाही, गोतात आहे. मान आणि हानी दोन्ही संस्कृत. अब्रू फारसी, आणि शब्दशः अर्थ ‘चेहऱ्यावरचं पाणी’, आपण ‘तोंडावरचं तेज’ म्हणतो तसंच. तिला नुकसानी जोडीला मिळाली. आपल्या भाषेचा कान इथे किती तयार आहे पाहा : ‘माननुकसानी’ किंवा ‘अब्रूहानी’ कुणी म्हणत नाही. जीवितहानी, वित्तहानी, क्षतिपूर्ती एकीकडे, अब्रूनुकसानी दुसरीकडे. नुकसानभरपाईत मात्र अरबी शब्दाशेजारी अस्सल देशी शब्द बसला आणि इतका रुळला की सांधा दिसत नाही.

प्रश्न : विम्याच्या कागदात ‘क्षतिपूर्ती’ असतं. भरपाईच लिहिलं तर काय बिघडतं? (फोंडा)

क्षतिपूर्तीत एक अट दडलेली आहे : जेवढी क्षती तेवढीच पूर्ती, वर एक पैसा नाही. दुकानाला आग लागली, नवं फ्रीज ४० हजारांचं, पण जळालेलं पाच वर्षं वापरलेलं, तर सहसा घसारा (वापराने उतरलेली किंमत) वजा होतो. शिवाय विमा कमी उतरवला असेल तर हप्त्यात वाचवलेले पैसे इथे दामदुपटीने जातात. माल २० लाखांचा, विमा १० लाखांचा आणि आगीत ४ लाखांचा माल गेला, तर ४ लाख मिळत नाहीत. अर्धाच विमा होता म्हणून अर्धी रक्कम, २ लाख. आयुर्विम्याला क्षतिपूर्ती म्हणत नाहीत, कारण माणसाच्या जिवाची किंमत घसारा काढून ठरत नाही. तिथे ठरलेली पूर्ण रक्कम मिळते.

कार्यालयातून गाडीभाडं किंवा औषधाचे पैसे मिळतात ती प्रतिपूर्ती. कर्ज फेडतो ती परतफेड. हे दोन शब्द क्षतिपूर्तीच्या जागी घालू नका.

प्रश्न : आजोबांच्या काळच्या पोर्तुगीज दस्तात ‘पेर्दस ई दानुस’ असे शब्द आहेत. ‘तोटे आणि नुकसाने’ असं भाषांतर करू का? (मडगाव)

नको. पेर्द म्हणजे गमावणं, दानु म्हणजे इजा किंवा नुकसान, हे खरं. पण ही जोडी कायद्यातला एकच शब्द म्हणून येते आणि तिचा अर्थ थेट ‘नुकसानभरपाई’. ‘तोटे आणि नुकसाने’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल की काय काय बिघडलं त्याची यादी पुढे येणार, आणि दस्तात तर रक्कम मागितलेली असते.

प्रश्न : ‘झळ’, ‘तोशीस’, ‘भुर्दंड’, ‘खार’, ‘चाट’ हे सगळे नुकसानच ना? (डिचोली)

नुकसानच, पण प्रत्येकाचं क्रियापद ठरलेलं आहे आणि अर्थाची छटाही. झळ बसते किंवा लागते : आग दुसरीकडे, ऊब आपल्याला. खाण बंद पडली त्याची झळ ट्रकवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना लागली, असं म्हणता येतं. तोशीस पडते किंवा लागते, आणि बहुधा नकारातच शोभते : ‘तुम्हाला तोशीस लागू देणार नाही.’ भुर्दंड पडतो किंवा बसतो, चूक नसताना खिशातून गेलेला तो भुर्दंड. खिशाला खार लागतो, चाट बसते, आणि दोन्ही फक्त पैशांच्याच. पाय मोडला तर चाट बसली म्हणत नाहीत, उपचाराच्या बिलाची मात्र बसते.

यांतला एकही शब्द अर्जात घालू नका. बोलताना मात्र यांना ‘नुकसान’ करून सपाट करू नका, तिथे हेच शब्द हवेत.